नाहीकरांचा एक हो

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, यांचं खरं आडनाव आमच्या धंद्यात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. जुनी विमानं विकणारे, घेणारे, दुरुस्त करणारे, रंग देणारे, सगळे त्यांना ‘नाहीकर’ म्हणायचे. कुणी जुनं विमान घ्यायला निघाला की व्यवहाराआधी ते उघडून तपासायचं आणि घ्यावं की घेऊ नये हे लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. दहातल्या सात वेळा ते ‘नाही’ लिहायचे. खाली सही, सहीवर शिक्का. उरलेल्या तीन वेळा ‘हो’ लिहितानाही चेहरा असा, की कुणीतरी त्यांची दाढ उपटतंय.

आणि मी त्याच धंद्यातला दलाल. माझं पोट ‘हो’वर चालतं. म्हणजे एकाच घरात उंदीर आणि मांजर. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, असं म्हणतात. आमच्या घरात बोलणारा मी आणि न बोलणारे ते. माझे किमान सहा व्यवहार त्यांच्या एका शब्दाने बुडाले. रविवारी दुपारी त्यांच्याच घरी, त्यांच्याच शेजारी बसून मी जेवायचो आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचो. ताईला सगळं कळायचं. ती म्हणायची, “गिळ आधी, मग भांड.”

त्यांची काम करायची पद्धत बघण्यासारखी होती. गुडघ्यांना रबरी गाद्या बांधायचे, कपाळावर दिवा, आणि हातात काही नाही. हातमोजे घातले की बोटं आंधळी होतात, असं म्हणायचे. विमानाच्या वह्या, ज्यात प्रत्येक उड्डाण आणि प्रत्येक दुरुस्ती नोंदवलेली असते, त्या ते मागून पुढे वाचायचे. मजकूर आधी वाचायचेच नाहीत. अक्षर बघायचे, शाई बघायची, पानाचा कोपरा बोटांत धरून बघायचे. “खरी वही मळते,” हे त्यांचं वाक्य. “तेलकट हातानं लिहिलेली असते ती. थंडीत लिहिलेलं अक्षर वेगळं, घाईत लिहिलेलं वेगळं.” आणि दुसरा नियम असा की विमान तपासायला आणताना धुवायचं नाही. जसं आहे तसं, मळकं आणायचं. तेल कुठून गळालं, पाणी कुठे साचलं, कुठल्या फटीत काय अडकलं, हे त्यांना मळावरून कळायचं. धंद्यातल्या प्रत्येकाला हा नियम पाठ होता. मला तर घरातच ऐकून ऐकून.

गंमत अशी की हाच माणूस घरी आला की काहीच तपासायचा नाही. ताईने सांगितलं दूध तापवलंय, की तापवलंय. मी सांगितलं भाऊजी, दार लावलंय, की ते डोळ्यांवरचा चष्मा काढून उशाला ठेवायचे आणि दोन मिनिटांत घोरायला लागायचे. एकदा मी चिडवलं, की सगळ्या जगावर संशय आणि आमच्यावर नाही, असं कसं? तर म्हणाले, “घरीसुद्धा तपासत बसलो तर झोपायचं कधी?”

त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची चिऊ. कागदोपत्री नाव मोठं भारदस्त आहे, पण पाळण्यातली चिऊ ती वैमानिक झाली तरी चिऊच राहिली. बत्तीस वर्षांची झाली होती आणि विजेच्या तारांच्या वरून छोटं पंख्याचं विमान फिरवत खांब मोजायची. तिला जेट हवं होतं. दोनदा नोकरी हातातोंडाशी आली. पहिल्यांदा एका कंपनीने तिला घ्यायचं कबूल केलं, विमान तपासायला बाप गेला, ‘नाही’ लिहिलं, कंपनीने दुसरीकडून विमान घेतलं आणि त्यासोबतचा वैमानिकही घेतला. दुसऱ्यांदा रुग्ण नेणारी एक संस्था होती. पुन्हा ‘नाही’. संस्थेने विमानाचा नादच सोडला. चिऊ बापाशी महिनाभर बोलली नाही. मग बोलायला लागली, पण तिच्या हसण्यातली गंमत गेली ती गेलीच.

तिसऱ्यांदा फरशीवाले शेठ आले. त्यांचा फरशीचा कारखाना, चार गावांत दुकानं, वय साठ, आणि अचानक स्वतःच्या विमानाचं खूळ. मी त्यांना एक हलकं जेट दाखवलं. दोन इंजिनं, सहा माणसांची जागा, वय अठरा वर्षं, किंमत अशी की मलाच दोनदा वाचावी लागली. समुद्रकाठच्या एका विमानतळावर असायचं ते. मालकाचं म्हणणं, सतत छपराखाली होतं आणि दर आठवड्याला उडत होतं. शेठना चिऊ आवडली. विमान आलं तर चालवायला हीच, असं त्यांनी तिच्यासमोर सांगितलं. फक्त विमा उतरवणाऱ्यांनी अट घातली की विमान जुनं आहे, नाहीकरांची सही हवी.

चिऊ त्या रविवारी जेवताना म्हणाली, “बाबा, तुम्ही या वेळी आजारी पडा ना. फक्त एक आठवडा.”

सगळे हसलो. भाऊजीही हसले. पण पानातला घास त्यांनी बराच वेळ उचलला नाही.

तपासणीच्या दोन दिवस आधी विमान आमच्या विमानतळावर आणून भाड्याच्या हँगरमध्ये उभं केलं. त्याच दिवशी शेठचा फोन आला, की बायको आणि सून बघायला येतायत. मी विमानाकडे पाहिलं. अठरा वर्षांचं, मिठाने पांढुरकं, पोटाखाली काळे ओघळ. असलं विमान बायकोने पाहिलं असतं तर शेठचं खूळ जागच्या जागी उतरलं असतं. नियम मला माहीत होता. पण म्हटलं, बाहेरून धुतलं तर काय बिघडतं? दोन माणसं लावली, आणि मीही बाह्या सरसावल्या. आता एकदा पुसायला लागलं की हात थांबत नाही. शेपटीत एक छोटं दार असतं, त्यातून जेमतेम डोकं आत जातं. मी बॅटरी घेऊन आत बघितलं तर आतल्या पट्टीवर मुठीएवढा मातीचा गोळा चिकटलेला. वाळून दगड झालेला. जवळून पाहिलं तर तीन नळ्या, शेजारी शेजारी, प्रत्येकीला गोल भोक. मी स्क्रूड्रायव्हरने तो उचकटला. खाली राहिलेला डाग चिंधीने, रॉकेल लावून, चकचकीत होईपर्यंत पुसला. गोळा चिंध्यांबरोबर कचऱ्याच्या डब्यात गेला.

शेठच्या बायकोने विमानाला हात लावून पाहिला आणि सुनेला म्हणाली, “नवंच वाटतंय गं.”

भाऊजी आले तेव्हा दारातच थांबले. “कुणी धुतलं?”

“शेठच्या घरचे येणार होते,” मी म्हणालो. “वरवर पुसलंय.”

त्यांनी विमानाच्या पोटावरून एकदा बोट फिरवलं. गुडघ्यांना गाद्या बांधल्या आणि कामाला लागले. चार दिवस चाललं. चिऊ रोज फोन करायची आणि मला विचारायची, बाबांचा चेहरा कसा आहे? मी सांगायचो, नेहमीसारखा, दाढ दुखल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला तिसरी वही दाखवली. चौदा महिन्यांच्या नोंदी. एकच शाई, एकच अक्षर, एकाही पानावर बोटाचा ठसा नाही. “एवढी स्वच्छ वही मी आजवर दोनदाच पाहिली,” म्हणाले. “एक कोऱ्या विमानाची होती. दुसरी चोराची होती.” नोंदींखाली ज्या मिस्त्रीची सही होती त्याला त्यांनी फोन लावला. तो वारला होता. इंजिनांच्या आत नळीचा कॅमेरा घालून पाहिलं. पाती स्वच्छ होती.

“मग झालं की,” मी म्हणालो.

“कॅमेरा पात्यांपर्यंतच जातो. पाती ज्या चकतीत बसवलेली असतात तिची मागची बाजू दिसत नाही. नियमित उडणाऱ्या विमानात तिला काही होत नाही. पण समुद्रकाठी महिनोन्महिने उभं राहिलं असेल, तर खारट हवा तिथं बसते आणि चकती आतून खाते. तसं असेल तर इंजिन उघडूनच बघावं लागतं.”

“वही तर म्हणते उडत होतं.”

“वही म्हणते.”

इंजिनं उघडायची म्हणजे सहा आठवडे आणि बक्कळ खर्च. शेठनी आधीच सांगून ठेवलं होतं, इतकं थांबायचं असेल तर मला विमानच नको. हे भाऊजींनाही माहीत होतं. त्या दिवशी संध्याकाळी ते शेपटीच्या दाराशी बराच वेळ उभे होते. मग मला हाक मारली. आतल्या पट्टीवर तळहाताएवढा भाग बाकीच्यापेक्षा उजळ दिसत होता.

“इथं काय होतं?”

मला तो गोळा आठवला. तो कसला हे मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ. पण एवढं कळत होतं की माती म्हटली की ते शंभर प्रश्न विचारणार, शंभर प्रश्नांतून ‘नाही’ निघणार, आणि चिऊ पुन्हा खांब मोजत बसणार. माझी दलालीही होती, ती नव्हती असं कशाला म्हणू?

“धूळ होती, भाऊजी,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळ्यांवरचा चष्मा काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला. कामाच्या जागी त्यांना चष्मा काढताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘हो’ लिहिलं. चिऊने बापाला मिठी मारली आणि रडली. त्यांचा एक रिवाज होता, सही केलेल्या विमानाच्या पहिल्या उड्डाणात स्वतः बसायचं. बसले. पूर्ण वेळ तळहात भिंतीला लावून, डोळे मिटून. उतरल्यावर मी विचारलं, कसं आहे? म्हणाले, “उजवं ठीक आहे. डावं जरा जास्तच गोड बोलतंय.” मी हसलो. ते हसले नाहीत.

दोन महिने गेले. चिऊ शेठना घेऊन आठवड्यातून चार-पाच वेळा उडायची. तिच्या हसण्यातली गंमत परत आली होती. भाऊजी मात्र वाळत चालले होते. रात्रीचं जेवण निम्मं. ताई मला म्हणाली, “काही दुखतंय का रे यांना? विचारलं की नाही म्हणतात. यांना दुसरं येतंय काय?”

मग तो रविवार. जेवणं झाली होती. चिऊ शेठ, त्यांची बायको आणि सून यांना घेऊन दोन वाजून वीस मिनिटांनी निघाली होती; दोन तासांचं उड्डाण. आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत होतो. ताई केरसुणी घेऊन खिडकीकडे गेली. तिच्या कधी न उघडणाऱ्या झडपेच्या कोपऱ्यात मातीची नळी चिकटलेली होती आणि एक बारीक कंबरेची काळी माशी तोंडात मातीची गोळी घेऊन तिच्यावर बसत होती.

“राहू दे गं,” भाऊजी म्हणाले. “कुंभारीण आहे. पिल्लं बाहेर पडली की काढ.”

“घाण नुसती.”

“घाण कसली? माझ्या कामात हिच्यासारखा साक्षीदार नाही.” कितीतरी दिवसांनी ते मोकळं बोलत होते. “ही झडप आपण उघडत नाही म्हणून तिनं इथं घर केलं. रोज हलणाऱ्या वस्तूत ती कधी घर बांधत नाही. मालक खोटं बोलेल, वही खोटं बोलेल. पण विमानात हिचं घर दिसलं की समजायचं, हे महिनोन्महिने एका जागी उभं होतं. मग मी इंजिन उघडल्याशिवाय सही करत नाही. आजवर एकदाही केली नाही.”

मी हातातला कप खाली ठेवला. तीन नळ्या, शेजारी शेजारी. आत दलाल बोलत होता: दोन महिने उडतंय, काही झालं नाही, आजही होणार नाही. उद्या काहीतरी निमित्त काढून इंजिनं उघडायला लावू, कुणाला कळायचंही नाही. चहावर साय धरली. घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं होती. मला एकाएकी चिऊ लहान असताना माझ्या खांद्यावर बसून कान ओढायची ते आठवलं, आणि मी बोलून गेलो.

“भाऊजी, त्या शेपटीत हिचं घर होतं.”

ताईला काही कळलं नाही. त्यांना सगळं कळलं. ओरडले नाहीत. चेहऱ्यावरचं रक्त तेवढं उतरलं.

“किती नळ्या?”

“तीन.”

“बंद की भोकं पडलेली?”

“भोकं होती.”

“म्हणजे पिल्लं मोठी होऊन उडून जाईपर्यंत ते हललं नाही,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि उठून फोनकडे गेले.

उडत्या विमानांशी रेडिओवर बोलणाऱ्या नियंत्रण कक्षाला त्यांनी फोन लावला. नाव सांगितलं, विमानाचा क्रमांक सांगितला. म्हणाले, वैमानिकाला निरोप द्या, दोन्ही इंजिनांचा जोर कमी करून जवळच्या धावपट्टीवर उतर, वडिलांनी सांगितलंय. पलीकडचा माणूस थोड्या वेळाने परत बोलला. फोन मोठ्या आवाजावर होता, आम्हालाही ऐकू आलं. “त्या हसल्या. म्हणाल्या, बाबांना सांगा, सही तुमचीच आहे.”

भाऊजींनी डोळे मिटले.

“पुन्हा सांगा. म्हणावं वडील बोलत नाहीयेत, नाहीकर बोलतायत. मी सही मागे घेतली. शेपटीत कुंभारणीचं घर होतं, एवढं सांगा.”

बराच वेळ नुसती खरखर. मग तो माणूस म्हणाला, “त्या म्हणाल्या, समजलं.”

पुढची पंचवीस मिनिटं आम्ही तिघं त्या स्वयंपाकघरात होतो. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. खिडकीत ती माशी जात होती आणि येत होती, जात होती आणि येत होती. मी आयुष्यात कशाचा इतका राग केला नसेल जितका त्या माशीचा केला, आणि त्या बिचारीची चूक काहीच नव्हती. भाऊजी भिंतीला तळहात लावून उभे होते, विमानात बसले होते तसे.

फोन वाजला. चिऊच होती. “उतरले, बाबा,” म्हणाली. आवाज सपाट होता. जवळच्या पट्टीकडे खाली येताना डावं इंजिन थरथरायला लागलं होतं. निरोप मिळाल्यापासून तिचा हात इंजिन बंद करायच्या दांड्यावरच होता, म्हणून फुटायच्या आत तिने ते बंद केलं. एका इंजिनावर उतरली. मागे बसलेल्यांना शेवटपर्यंत काही कळलं नव्हतं. सुनेने तर विचारलं होतं, इथे का उतरलो?

नंतर डावं इंजिन उघडलं. चकतीच्या मागच्या बाजूला गंजाचे खड्डे होते, आणि त्यातल्या एकातून निघालेली नखाएवढी चीर. वर्कशॉपच्या मिस्त्रीने दिवा धरून ती आम्हाला दाखवली. शेठ भाऊजींचे पाय धरायला आले. “साहेब, तुमच्या ‘नाही’मुळे वाचलो.” भाऊजी मागे सरकले. “माझ्या ‘हो’मुळे बसला होतात,” म्हणाले.

घरी येऊन त्यांनी शिक्क्याचं रबर भाजी चिरायच्या सुरीने खरवडून काढलं आणि मोकळा दांडा खणात टाकला. पुन्हा कुणाचं विमान तपासलं नाही. बरेच लोक आले, दुप्पट देतो म्हणाले. त्यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, आणि ते काय असणार हे सांगायला नको.

शेठनी विमानाचा नाद सोडला. चिऊ पुन्हा खांब मोजते. मला वाटलं होतं ती मला फाडून खाईल. तिने फक्त विचारलं, “मामा, तू माझ्यासाठी खोटं बोललास ना ते?” मी मान हलवली. “मग यापुढं माझ्यासाठी काही करू नकोस,” म्हणाली आणि माझ्या पानात भाजी वाढली.

मी अजून रविवारी जातो. मीच नाही गेलो तर ताई फोन करते. भाऊजी माझ्याशी नीट बोलतात. हवापाणी, औषधं, गुडघे. त्या दिवसाबद्दल त्यांनी मला एका शब्दाने कधी विचारलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मागच्या रविवारी जेवण झाल्यावर ते पलंगावर आडवे झाले. मी पुढच्या खोलीतून आत आलो आणि सवयीने म्हणालो, “भाऊजी, दार लावलंय.”

“बरं,” ते म्हणाले. चष्मा डोळ्यांवरच होता. मग कोपरावर जोर देऊन हळूहळू उठले, भिंतीच्या आधाराने पुढच्या खोलीत गेले, आणि मला कडी वाजवून पाहिल्याचा आवाज आला, एकदा आणि पुन्हा एकदा.